चौकटीतला मोर

दिवाळी आली की आमच्या घरी उदबत्तीने भोके पाडलेला ठिपक्यांचा कागद माळ्यावरून खाली येई. त्यावर चिमटीने रांगोळी पसरायची, हात फिरवायचा आणि कागद अलगद उचलायचा, की अंगणात ठिपक्यांच्या सरळ ओळी तयार! वाचक भगिनींना हे मी सांगायला नको. पण सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात वाढलेल्या मला भोकांचे दुसरेही कागद ठाऊक होते. ते मागाच्या डोक्यावर माळेसारखे फिरत आणि त्यांच्यातून चादरीवर मोर उतरत.

आमचे नाना चादरींच्या नक्ष्या काढीत. त्यांच्या कागदाला सगळे 'ग्राफ' म्हणत. त्यावरची प्रत्येक उभी पट्टी म्हणजे ताण्याचा धागा, प्रत्येक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. जिथे रंगाचा धागा वर यायचा ती चौकट नाना कुंचल्याने भरीत. मग एकेका ओळीबरहुकूम एकेक पुठ्ठा भोके पाडून तयार होई. तीनशे ओळींचा मोर असेल तर तीनशे पुठ्ठे! ही युक्ती फ्रान्समधल्या ल्यों शहरच्या जोसेफ मारी जकार्ड यांची, 1804 सालची. सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली 1877 साली. आणि पुढे जकार्डच्या चादरीने या गावाचे नाव असे काही केले, की 2005-06मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता खरी गोम सांगते. शाळेतल्या आलेखवहीची चौकट चौरस असते, कापडाची नसते. समजा इंचात ताण्याचे 48 धागे आहेत आणि बाण्याचे 36. आलेखवहीवर 48 चौकटी रुंद आणि 48 चौकटी उंच असे गरगरीत वर्तुळ काढले, तर कापडावर ते एक इंच रुंद आणि सव्वा इंचाहून अधिक उंच होते. वर्तुळाचे अंडे! म्हणून अशा कापडासाठी इंचात 8 उभे नि 6 आडवे भाग असलेला कागद लागतो. कापड बदलले की कागदही बदलायचा.

नानांना हे पाठ होते. पण 1989च्या दिवाळीआधी घाईची मागणी आली, हवा तो कागद मिळेना आणि मालक म्हणाले, "पोरीच्या वहीवर काढा की!" वही माझीच होती. सूर्य अंड्यासारखा विणला गेला आणि नुकसान नानांच्या मजुरीतून कापले गेले. त्या वर्षी फटाके आले नाहीत. नानांनी मला नवी वही मात्र आणून दिली.

छापील चौकटींचा कागद तसा जुना. इंग्लंडच्या डॉ. बक्स्टन यांनी त्याचे पेटंट 1794 साली घेतल्याचे सांगतात. ल्योंचे नक्षीकार तर त्याआधीपासून आखलेल्या कागदावर फुले काढीत होते. खिळ्यांच्या छापखान्यात मात्र ही चौकट मोठी हट्टी. पितळी पट्ट्या एकमेकींना छेदून जाऊ शकत नाहीत. त्या तुकड्यातुकड्यांनी जुळवाव्या लागतात, नाहीतर उभ्या रेघा एकदा आणि आडव्या दुसऱ्यांदा छापाव्या लागतात. दुसऱ्या वेळी कागद केसभर सरकला की संपले. चार ताव हवेत म्हणून एवढा खटाटोप कोण करणार?

ही अडचण माझ्यापुरती सुटली ती एका अमेरिकन प्राध्यापकामुळे. डोनाल्ड नुथ यांच्या गणिताने भरलेल्या ग्रंथाची नवी मुद्रिते 1977 साली त्यांच्या हाती आली. ती इतकी कुरूप, की पुस्तक बाजूला ठेवून गृहस्थ अक्षरजुळणीची आज्ञावलीच लिहीत बसले. तिचे नाव 'टेक'. (रुसावे तर असे!) तिच्यात रेघ हाताने ओढायची नाही, शब्दांनी सांगायची: इंचात 8 उभ्या, 6 आडव्या, दर इंचाची रेघ जाड. तिचे सर्वांत लहान माप प्रकाशाच्या लहरीपेक्षाही बारीक आहे. मी चित्रकला शिकवणारी मॅट्रिक बाई. ती भाषा मला एका माजी विद्यार्थ्याने शिकवली. पहिला ताव छपाईयंत्राने आपल्या मर्जीने आखडून दिला, पण दोन्ही बाजूंनी सारखाच, त्यामुळे प्रमाण टिकले.

गंमत पाहा. जकार्डच्या पुठ्ठ्यांवरूनच चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्याची कल्पना घेतली. 1890ची अमेरिकेची जनगणना हॉलरिथ यांनी भोकांच्या कार्डांवर मोजली. आणि त्याच घराण्यात पुढे संगणक जन्मला. आज नक्ष्या संगणकावरच होतात. म्हणजे नानांच्या कुंचल्याला ज्याने रजा दिली, तो त्यांच्या पुठ्ठ्यांचाच पणतू म्हणायचा!

नाना गेल्यावर त्यांच्या ग्राफांची गुंडाळी माळ्यावरच पडून होती. यंदा ठिपक्यांचा कागद काढताना ती हाताला लागली. वाळवी लागली होती. चौरस कागदावर ती उतरवली असती तर मोर बुटका झाला असता. म्हणून 8 बाय 6चे ताव छापले आणि रोज रात्री दहा ओळी उतरवू लागले. तुरा झाला, मान झाली, पिसारा झाला. पाय तेवढे वाळवीने खाल्ले आहेत. ते आता मलाच काढावे लागणार. पण मोराचे पाय कुठे फारसे देखणे असतात?