सोलापुरी चादरीचे गाव कोणते?

कापडाचे कूळ मालकाला विचारू नये, किनारीला विचारावे. 1889 साली चार्ल्स फौक या अमेरिकी संग्राहकाने रोममधल्या बार्बेरिनी घराण्याच्या 135 टॅपेस्ट्री, म्हणजे चित्रे विणलेले भिंतपडदे, एकगठ्ठा विकत घेतल्या आणि पुढे त्या पांगल्या. अशा पांगापांगीत पावत्या फार तर पडदा कुणाकडून कुणाकडे गेला ते सांगतात. विणला कुठे, हे पडद्यालाच विचारावे लागते. ब्रसेल्सने 1528 मध्येच फर्मान काढले होते की शहराची खूण, तांबडी ढाल आणि तिच्या दोन बाजूंना 'बी' हे अक्षर, पडद्याच्या किनारीतच विणावी. मग कुणी झिजलेली किनार कापून टाकली की पडदा पोरका.

सोलापुरी चादरींचा संग्रह याहून कितीतरी मोठा आणि जास्त पांगलेला आहे. रुखवतापासून वसतिगृहाच्या ट्रंकेपर्यंत तो सगळीकडे आहे. नोंदवही मात्र कुठेच नाही. पण चादर उलटी केली की ती बोलू लागते. दोन रंगांचे दोन ताणे एकमेकांवर असतात आणि नक्षीच्या जागी वरचा खाली, खालचा वर होतो. म्हणून एका बाजूला पांढऱ्यावर तांबडे फूल, तर दुसऱ्या बाजूला तांबड्यावर पांढरे. छापील नकलेची पाठ फिकी पडते, हिची पडत नाही. हा अदलाबदलीचा खेळ जेकार्डचा: भोके पाडलेल्या पत्त्यांची माळ मागावर फिरते आणि कोणता धागा उचलायचा ते ठरवते. ते यंत्र 1804 च्या सुमारास फ्रान्समधल्या लियों शहरात रेशमासाठी तयार झाले. त्यावर बसलेले हात मात्र तेलंगणातून आलेल्या पद्मशालींचे, जे आजही घरात तेलुगू बोलतात आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ काढतात. 1877 साली सुरू झालेल्या 'जुनी मिल' या कापडगिरणीमुळे गावात सूत आणि मजूर दोन्ही जमले.

आता कुणी म्हणेल, यंत्र फ्रान्सचे, हात तेलंगणाचे, मग सोलापूरचे काय उरले? प्रश्न रास्त आहे, पण त्यात कूळ म्हणजे जन्मस्थळ असे धरले आहे. लियोंच्या रेशमातून थंडीत अंगावर घेण्याची, धुण्याचे दगड सोसणारी सुती चादर आपोआप निघाली नसती. जाड सुताचा हिशेब, दुहेरी वीण आणि मयूरपंखासारखी नक्षी यांचा मेळ सोलापूरच्या पेठांत बसला. सोलापूरने काहीच शोधले नाही, असे म्हटले तरी चालेल; जमवले मात्र सगळे. दुसरा आक्षेप असा की 2005-06 मध्ये चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, आता कुळाचा वाद कशाला? पण मानांकन म्हणजे आज कोण विणतो आणि कुठे विणतो यावरचा कायद्याचा शिक्का. मागे विणलेल्या लाखो चादरींना तो कसा लागणार? त्यांच्यासाठी ब्रसेल्सचाच मार्ग उरतो, आणि तो सोलापूरच्या कारखानदारांनी फर्मानाशिवाय धरला होता: नाव चिठ्ठीवर न लिहिता काठाजवळ जेकार्डनेच विणायचे. विरलेली चादर गोधडीच्या पोटात जाते तेव्हा हा काठ बहुधा आत दुमडला जातो. गोधडी उसवली तर नावाची दोन-चार अक्षरे सापडतात, अर्थात उलटी बाजू वर असेल तर उलटी.