धबधब्याच्या वरचं मैदान

न्यू जर्सीतल्या पॅटरसन स्टेशनपासून चालत निघा. वाटेत स्पॅनिश पाट्या लागतील, अरबी लागतील, एखादी बंगालीही दिसेल. मग रस्ता नदीकडे वळतो आणि मैदान दिसायच्या बरंच आधी पाण्याचा आवाज कानावर येतो. पसेइक नदी इथे ७७ फुटांवरून एका अरुंद घळीत कोसळते. एडिसनला, जर्सी सिटीला वर्षानुवर्षं राहणारी आपली कितीतरी माणसं तासाभरावरच्या या धबधब्याकडे कधी फिरकलेलीच नसतात. तुम्ही आज आलात, बरं केलंत. पुलावर जरा थांबा, तोंडावर तुषार येऊ द्या आणि वर बघा. कड्याच्या माथ्यावर काँक्रीटची लांबलचक भिंत दिसते ना? ते हिंचलिफ स्टेडियम.

चढून या. तिकीटखिडकीपाशी आत शिरायच्या आधी भिंतीला तळवा टेकवा. काँक्रीट गार लागेल, किंचित खरखरीत. हात तसाच राहू द्या.

आता हाताला ओल लागते आहे.

१९३१ साल. भिंत अजून फळ्यांच्या साच्यात आहे, सळयांची टोकं वर आली आहेत, आणि तुमच्या मागून घमेली, हातगाड्या, आरडाओरडा चालला आहे. तिथे उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे नीट पाहा. ज्यांना आज काम मिळालं ते वाकून कामाला लागले आहेत. ज्यांना नाही मिळालं ते कुंपणाबाहेर हात खिशात घालून उभे आहेत. वॉल स्ट्रीट कोसळून दोन वर्षं होत आली. पॅटरसन म्हणजे रेशमाचं शहर. १७९१ मध्ये अमेरिकेचा अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनच्या पुढाकाराने कारखानदारीसाठी एक संस्था निघाली आणि याच धबधब्याच्या जोरावर इथे गाव वसलं. पुढे कालव्यातून वळवलेल्या पाण्यावर गिरण्या फिरू लागल्या. १९१३ मध्ये इथल्या रेशीम कामगारांनी फेब्रुवारीपासून थेट उन्हाळ्यापर्यंत संप चालवला, हजारो माणसं रस्त्यावर आली आणि शेवटी मागण्या पदरात न पडता कामावर परतली. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला हे गाव समजावून सांगावं लागत नाही. भोंगा, चाळ, पगाराचा दिवस, संप, आणि संपानंतरची शांतता त्याने घरात ऐकलेली असते.

अशा गावाने ऐन मंदीत कर्जरोखे काढले आणि मैदान बांधायला घेतलं. पोरांना खेळायला जागा हवी होती, बेकारांच्या हाताला काम हवं होतं, आणि मैदान भाड्याने देऊन चार पैसे नगराच्या तिजोरीत येतील असा हिशेबही होता. मला तो निर्णय फार मोठा वाटतो. गिरणीमालकांनी हे बांधलं नाही, कुठल्या क्लबानेही नाही. ज्यांच्या घरी उद्याच्या पावाची भ्रांत होती त्यांच्या शहराने ते बांधलं. आराखड्यात भूरचनाकार ऑल्मस्टेड बंधूंच्या नामांकित संस्थेचा हात होता आणि स्टेडियमची रचना केली जॉन शॉ या गावातल्याच माणसाने. घोड्याच्या नालेसारखी पायऱ्यांची कमान, मधे धावपट्टी आणि हिरवळ, सुमारे १०,००० माणसं बसतील एवढी जागा. १९३२ च्या जुलैत दारं उघडली. नाव पडलं हिंचलिफ. महापौर जॉन हिंचलिफ यांच्या घराण्याचं ते नाव.

भिंत सुकली. हाताखाली आता ऊन लागतंय.

१९३३. बाहेर मोठी रांग आहे आणि त्या रांगेतून तुम्ही आत ढकलले जाता. मैदानावर न्यूयॉर्क ब्लॅक यँकीज आणि फिलाडेल्फिया स्टार्स हे बेसबॉलचे दोन संघ. सगळे खेळाडू काळे. देशातल्या काळ्या संघांचं अजिंक्यपद आज इथे ठरायचं आहे. नियमांच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, तरी मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावरच्या, संघांत काळ्या माणसाला जागा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे असंच चालत आलंय. म्हणून या माणसांनी आपले संघ काढले, आपल्या लीग काढल्या, आणि बसमध्ये झोपत, हॉटेलने दार लावलं तर कुणा ओळखीच्याच्या घरी जेवत गावोगाव खेळत राहिले. त्यांची खरी अडचण मैदानाची. मोठी मैदानं गोऱ्या मालकांची. गोरा संघ बाहेरगावी असेल तेव्हाच ती भाड्याने मिळायची, तीही मालकाच्या अटींवर. पॅटरसनचं मैदान मात्र गावाचं होतं.

पायरीवर बसा. बॅटचा चेंडूला लागल्याचा आवाज क्रिकेटपेक्षा वेगळा, कोरडा, फांदी मोडल्यासारखा. तो समोरच्या काँक्रीटवर आपटून क्षणभराने परत तुमच्यापाशी येतो. शेजारी गिरणीतून आलेला एक माणूस रविवारचे कपडे घालून बसला आहे, मांडीवर मुलगा. मुलगा चेंडूकडे बघत नाही, तो वडिलांकडे बघतो आहे; वडील ओरडले की तोही ओरडतो. आजचा सामना स्टार्सच जिंकणार आहेत, पण ब्लॅक यँकीज पुढची अनेक वर्षं हेच आपलं घर मानतील. जॉश गिब्सन याच मातीवर खेळून जाईल, ‘कूल पापा’ बेल खेळेल, ऑस्कर चार्ल्स्टन खेळेल. पुढे ज्यांची नावं बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये कोरली गेली अशी कितीतरी माणसं या मैदानाने पाहिली आहेत, आणि त्यांच्या ऐन उमेदीत देशातल्या बहुतेकांनी त्यांना पाहिलंच नव्हतं.

थोडं पुढे चला. १९४२.

सकाळची वेळ. पायऱ्या रिकाम्या. मैदानात एक अठरा वर्षांचा मुलगा चेंडू उचलतो आहे. दक्षिण कॅरोलायनातून पॅटरसनला आलेला, ईस्टसाइड हायस्कूलचा, फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल, धावणं, सगळ्यात पुढे. लॅरी डोबी. शाळेचे सामने तो इथेच खेळला. आज न्यूअर्क ईगल्स हा काळ्यांच्या लीगमधला संघ त्याची चाचणी घेतो आहे. पलीकडे धबधब्याचा घोष चालूच आहे, त्याचं लक्ष तिकडे नाही. चेंडू येतो, तो अर्धं पाऊल मागे घेतो, कंबर फिरते, आणि चेंडू कुठे गेला हे बघायला तुम्हाला मान वळवावी लागते. त्याला निवडतात. कॉलेजात खेळायचा हक्क जाऊ नये म्हणून सुरुवातीला तो ‘लॅरी वॉकर’ या खोट्या नावाने खेळतो.

पाच वर्षांनी, ५ जुलै १९४७ ला, हाच मुलगा क्लीव्हलँड इंडियन्सच्या गणवेशात अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन लीगपैकी एकीत, उतरला. काळ्यांवरची ती बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन एप्रिलमध्ये दुसऱ्या लीगमध्ये उतरला होता; डोबी त्याच्यानंतर अकरा आठवड्यांनी. पहिल्या दिवशी संघातल्या काहींनी त्याच्याशी हातसुद्धा मिळवला नाही. पुढच्या वर्षी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या, चौथ्या सामन्यात त्याने होम रन मारला, संघ जिंकला, आणि ड्रेसिंग रूममध्ये गोरा पिचर स्टीव्ह ग्रोमेक आणि काळा डोबी यांचा मिठी मारून, गालाला गाल लावून हसताना एक फोटो निघाला. तो फोटो देशभर छापून आला. शक्य झालं तर एकदा शोधून पाहा. दोघांचे डोळे मिटायला आलेत इतके ते हसताहेत. त्या मिठीच्या मुळाशी हे मैदान आहे. शाळेच्या पोराला मोफत धावायला मिळालेली सरकारी माती.

इथून पुढे भरभर जायला हवं. काळ्या खेळाडूंना मेजर लीगची दारं उघडली, ही आनंदाचीच गोष्ट. पण त्यामुळे काळ्यांच्या लीग ओस पडल्या आणि भाड्याचं उत्पन्न आटलं. मोटारींच्या शर्यती झाल्या, मुष्टियुद्ध झालं, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शाळांचे फुटबॉलचे सामने होत राहिले. १९६३ मध्ये मैदान शहराकडून शाळामंडळाकडे आलं. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. ज्या शाळामंडळाला वर्गाच्या छताची गळती थांबवायची चिंता, त्याने १०,००० माणसांच्या पायऱ्यांची निगा कशातून राखायची?

१९९७. दाराला कुलूप.

आता तळवा भिंतीवरून हळूच फिरवा. हाताला भुकटी लागते. स्टेडियम कोसळतं म्हणजे काय होतं ते इथे जवळून बघून घ्या, कारण ते एका दिवसात कधीच होत नाही. पायरीच्या सांध्यात केसाएवढी चीर पडते. पावसाचं पाणी तिच्यात उतरतं. जानेवारीत त्या पाण्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो, चीर रुंदावते. मार्चमध्ये बर्फ वितळतो, पाणी आणखी खाली उतरतं आणि सळईला भेटतं. सळई गंजते. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतं, म्हणून ते आतून काँक्रीटला ढकलतं आणि एका सकाळी वरचा पोपडा सुटून पडतो. सळई उघडी. त्या खड्ड्यात धूळ साचते, धुळीत बी पडतं. चार-पाच वर्षांनी पायरीतून झाड वर येतं, त्याची मुळं पुढचं काम करतात. सुरुवातीला तुंबलेली पन्हाळी साफ केली असती, चिरा बुजवल्या असत्या, तर पुढचं पुष्कळ टळलं असतं. नवं बांधायला कोनशिला असते, फीत असते, फोटो असतो. पन्हाळी साफ करायला कुणी पाहुणा येत नाही, आणि अंदाजपत्रकात पहिली कात्री त्याच ओळीला लागते. हे मला फार लागतं. आपल्या गावांतली क्रीडासंकुलं आठवून बघा, तुम्हालाही लागेल.

ज्या पायरीवर तो मुलगा वडिलांच्या मांडीवर बसला होता तिथे आता भित्तिरंगांचे फराटे, फुटक्या बाटल्या, आणि हातभर जाडीचं झाड.

तरी गाव सोडून देत नाही. मैदानाशी नातं असलेली माणसं एकत्र येतात, कागद गोळा करतात. २००४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत नाव लागतं. २००९ मध्ये दुरुस्तीसाठी कर्जरोखे काढावेत का, असा प्रश्न मतपेटीतून विचारला जातो. पुन्हा मंदी, पुन्हा हेच गरीब शहर, आणि मतदार हो म्हणतात. १९३१ च्या नातवंडांनी आजोबांच्या शहरासारखंच कर्ज काढायचं ठरवलं. त्यानंतरही काम उभं राहायला एक तप जातं. २०१३ मध्ये मैदान राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक ठरतं, वर्षभराने धबधब्याच्या राष्ट्रीय उद्यानात त्याचा समावेश होतो, आणि शेकडो स्वयंसेवक येऊन ब्रश चालवतात. रंगाने सळई वाचत नाही. पण त्या भिंतीला कुणाचा तरी हात लागला, हे काही कमी नव्हतं.

एप्रिल २०२१. यंत्रं आली. पैसा कुठून आला हेही नीट समजून घ्या. मैदान आणि त्याला जोडून ज्येष्ठांसाठी परवडणारी ७५ घरं, ३१५ गाड्यांचा वाहनतळ, काळ्यांच्या लीगच्या इतिहासाचं प्रदर्शन, असा सगळा मिळून सुमारे १० कोटी डॉलरचा पसारा. त्यातला मोठा भाग करसवलतींतून उभा राहिला. राज्य किंवा केंद्र सरकार विकासकाच्या हातात रोकड ठेवत नाही. अमुक इतका कर माफ, अशी सवलत देतं. विकासक ती सवलत करदात्या कंपन्यांकडे वळवून भांडवल उभं करतो. केंद्राची ऐतिहासिक वास्तूंसाठीची सवलत पात्र खर्चाच्या २० टक्के, आणि तिची अट अशी की जुन्या वास्तूचं ऐतिहासिक रूप राखूनच दुरुस्ती झाली पाहिजे. ही सवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतींनाच मिळते. नुसतं मैदान म्हणून हिंचलिफचा हिशेब जुळणं अवघड होतं; घरं, वाहनतळ आणि मैदान एकत्र गुंफल्यावर तो जुळला.

अमेरिकेत स्टेडियमसाठी सरकारी पैसा म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. अब्जाधीश मालक संघ दुसऱ्या शहरात नेण्याची भीती घालतात आणि लोकांच्या करातून आलिशान स्टेडियम बांधून घेतात. नफा त्यांचा, कर्ज गावाचं. हिंचलिफच्या बाबतीत मी मनापासून उलट्या बाजूला उभा आहे. इथे मालकी शाळामंडळाची राहिली. पैसा खर्च झाला तो ज्या मैदानावर काळ्या माणसाला खेळता आलं ते मैदान, आणि त्याच्या शेजारी म्हाताऱ्यांना परवडणारं घर, यांच्यावर. फक्त एक गोष्ट मी पुनःपुन्हा विचारत राहीन: दरवर्षीच्या पन्हाळीचा खर्च कोणत्या ओळीत लिहिलाय?

हात काढा भिंतीवरून. मे २०२३. फीत कापून झाली आहे, न्यू जर्सी जॅकल्स हा फ्रंटियर लीगचा संघ इथे राहायला आला आहे. जागा आता ७,८०० जणांची. गवत नवं, दिवे नवे. सामना बघा, आरामात बघा. मग एखाद्या दुपारी परत या, शाळेची मुलं असताना. एक मुलगी धावपट्टीवर बुटाची नाडी बांधते आहे, एक पोरगा चेंडूमागे धावता धावता मित्राला स्पॅनिशमधून काहीतरी ओरडून सांगतो आहे.

सर आली. मुलं छपराकडे पळाली, तुम्ही वरच्या पायरीवरच उभे. झाडू घेतलेला एक माणूस पायऱ्या उतरत येतो, तुमच्यापाशी वाकतो आणि जाळीत अडकलेला कागदी पेला नि मूठभर पानं बोटांनी ओढून काढतो. तुंबलेलं पाणी गोल फिरतं आणि खळखळत खाली जातं. तो पुढच्या जाळीकडे निघतो. तुम्ही त्याला वाट देता.