दुकानदाराचे विमान

किरकोळ व्यापारात परदेशी गुंतवणूक येऊ द्यावी की नाही, यावरून 2012 साली आपल्याकडे रान पेटले होते, तेव्हा मी सॅम वॉल्टनचे आत्मचरित्र पहिल्यांदा हाती घेतले. वादात सगळ्यात जास्त नाव वॉलमार्टचे येत होते आणि माझे वडील तालुक्याच्या गावी किराणा दुकान चालवत. शत्रुपक्षाची बखर वाचावी तसा मी ते वाचायला बसलो. लक्ष मात्र भलतीकडेच अडकले. ते अडकले त्याच्या विमानात.

लहान विमान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर 1932 साली पस मॉथमधून कराचीहून जुहूला टपाल आणणारे जे. आर. डी. टाटा येतात, नाहीतर निवडणुकीच्या हंगामात धावपट्टीवर उतरणारे पुढारी. एकीकडे साहस, दुसरीकडे बडेजाव. तराजू किंवा खतावणीसारखे विमान हेही दुकानदाराचे एक अवजार असू शकते, हे मला या पुस्तकामुळे कळले.

वॉल्टनने पहिले दुकान 1945 साली आर्कान्सा राज्यातल्या न्यूपोर्टला घेतले. धंदा उत्तम चालला, पण भाडेकरारात मुदत वाढवून घेण्याचे कलम घालायचे राहून गेले होते. पाच वर्षांनी जागामालकाने ती जागा आपल्या मुलासाठी मागून घेतली. वॉल्टन बेंटनव्हिलला आला. जेमतेम तीन हजार वस्तीचे, ओझार्क डोंगरांच्या कोपऱ्यातले हे गाव. तिथल्या चौकात त्याने 1950 मध्ये दुकान थाटले, 1952 मध्ये फेएटव्हिलला दुसरे. मग धाकटा भाऊ बड याच्याबरोबर कॅन्सस सिटीच्या उपनगरात, म्हणजे सुमारे 200 मैलांवर, आणखी एक. दुकाने वाढली की मालकाचा दिवस गाडीच्या चाकांवर संपतो. गल्ल्यावर बसून एकच दुकान सांभाळणाऱ्याला हे दुखणे ठाऊक नसते.

बड युद्धात नौदलाचा वैमानिक होता. सॅमला विमान घ्यायचे आहे हे ऐकून तोच जास्त हबकला आणि बराच काळ त्या विमानाच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. विमान होते एर्कूप, दोन आसनांचे, जुने, किंमत 1,850 डॉलर. त्याच्या इंजिनाची वॉल्टनने कपडे धुण्याच्या यंत्राशी तुलना केली आहे.

एर्कूपबद्दल थोडे सांगायला हवे. फ्रेड वाइक या अभियंत्याने ते आखले ते मोटार चालवणाऱ्या सामान्य माणसासाठी. त्याला सुकाणूची पायपट्टीच नव्हती. हातातले चाक फिरवले की विमान वळे. ते गिरक्या घेत कोसळू नये अशी त्याची रचना होती. 1945 साली न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानात ते चक्क विक्रीला मांडले होते! युद्धातून परतलेला प्रत्येक वैमानिक आता घरचे विमान घेईल अशी कारखानदारांची खात्री होती. 1946 या एका वर्षात अमेरिकेत सुमारे 35,000 लहान विमाने तयार झाली. दोनच वर्षांत तो आकडा 10,000च्या खाली घसरला. गिऱ्हाईक आलेच नाही. वॉल्टनसारख्याला विमान परवडले, त्यामागे ही फसलेली तेजी आहे असे मला वाटते. पुढेही त्याने बरीच विमाने घेतली, सगळी वापरलेलीच.

धोका होताच. एकदा उड्डाण करताच एग्झॉस्टची नळी उडाली, तेव्हा त्याने इंजिन बंद करून विमान तसेच तरंगत खाली आणले.

वेळ वाचला, हा झाला उघड फायदा. माझ्या मते खरा फायदा निराळाच होता. 2 जुलै 1962 रोजी रॉजर्सला पहिले वॉलमार्ट उघडल्यावर वॉल्टन नव्या जागा विमानातून शोधू लागला. गावावर खाली येऊन विमान एका बाजूला कलवायचे, रहदारी कोणत्या रस्त्याला आहे, नवी घरे कुठल्या अंगाला चढताहेत ते पाहायचे, मग उतरून शेताचा मालक गाठायचा आणि जमिनीचा सौदा करायचा. जेटमधून इतके खाली येता येत नाही म्हणून जेट त्याला आवडत नसे. न्यूपोर्टला एका कलमापायी जागा गमावलेल्या माणसाने पुढची जागा आकाशातून हेरावी, यात मला संगती दिसते. पुस्तकात तो स्वतः तसे म्हणत नाही, हेही नोंदवतो.

पुढे कंपनीने विभागीय कचेऱ्या काढल्याच नाहीत. विभागप्रमुख बेंटनव्हिललाच राहत, आठवड्याच्या सुरुवातीला लहान विमानांनी आपापल्या दुकानांकडे जात आणि शनिवारच्या सकाळच्या बैठकीला हजर असत. कचेऱ्यांचे भाडे वाचले आणि शेजारच्या गावातला भाव त्याच आठवड्यात मालकाच्या कानी पडू लागला.

ही हकिकत मुख्यतः मालकाच्याच तोंडची आहे, तेव्हा दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गावातले दुकानदार बुडाल्याच्या तक्रारीला वॉल्टनचे उत्तर असे, की निवड गिऱ्हाइकाने केली. आयोवा राज्य विद्यापीठातल्या केनेथ स्टोन या अर्थतज्ज्ञाने 1980च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या गावांच्या विक्रीचे आकडे तपासले. मला वाटत होते, वॉलमार्ट आले ते गाव उजाड झाले असेल. आकडे तसे सांगत नाहीत. तिथे बाहेरगावचे लोक येऊ लागले, खानावळींचा धंदा वाढला. मार बसला तो तोच माल विकणाऱ्या जुन्या दुकानांना, आणि त्याहून अधिक आसपासच्या, वॉलमार्ट न आलेल्या लहान गावांना. त्यांचे गिऱ्हाईक मोटारीत बसून निघून गेले.

वडिलांचे दुकान ज्या बाजारपेठेत होते तिथून आता एसटी जात नाही. बाहेरून बायपास झाला आहे. बेंटनव्हिलच्या चौकातले वॉल्टनचे जुने दुकान मात्र जागेवर आहे. त्याचे संग्रहालय केले असून त्याची 1979ची फोर्ड पिकअप तिथे मांडून ठेवली आहे.