खड्डे, सायकलस्वार आणि नुकसानभरपाईचा हक्क

खड्ड्यामुळे झालेल्या इजेची भरपाई रस्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडून मागण्याचा हक्क महाराष्ट्रात टप्प्याटप्प्याने, मुख्यतः न्यायालयांच्या आदेशांतून उभा राहिला. या हक्काची गरज सायकलस्वाराला फार मोठी आहे. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली वरून कळत नाही. अरुंद टायर खड्ड्याच्या कडेवर आपटला की ट्यूब रिम आणि डांबराच्या मध्ये चेंगरून फुटते, रिमला पोचा पडतो, आरे सैल होतात आणि चाकाला आऊट येतो. वेगात असताना पुढचे चाक अडकले तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. मागून ट्रक येत असेल तर स्वाराचा जीवही जाऊ शकतो.

या विषयावरील जुना कायदा इंग्लंडमधला. 1788 मध्ये डेव्हन परगण्यात नादुरुस्त पुलामुळे एका मालवाहू गाडीचे नुकसान झाले आणि मालकाने परगण्यातील रहिवाशांवर दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला. पुढे त्यातून असा नियम रूढ झाला, की रस्त्याचे काम चुकीचे केले तर संस्था जबाबदार. मात्र दुरुस्तीच केली नाही तर तिच्यावर दावा चालत नाही. 1890 च्या दशकात प्रिव्ही कौन्सिलनेही हाच नियम उचलून धरला. प्रिव्ही कौन्सिल हे त्या काळी भारतासाठीही सर्वोच्च न्यायपीठ होते.

चांगल्या रस्त्यांची मागणी संघटितपणे पुढे आणणाऱ्यांत इंग्लंडचे सायकलस्वार अग्रभागी होते. 1878 मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि 1886 मध्ये सायकल संघटनांनी मिळून रस्ते सुधारणा मंडळ काढले. तरीही नादुरुस्तीला मिळालेले कायद्याचे संरक्षण टिकून राहिले. ते 1961 च्या कायद्याने रद्द केले आणि 1964 पासून तेथील नागरिकांना दुरुस्तीअभावी झालेल्या नुकसानीचा दावा करता येऊ लागला.

महाराष्ट्रात सायकलस्वार रस्त्यासाठी थेट पैसे मोजत असे. अनेक नगरपालिका सायकलवर वार्षिक कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला देत. पोलिसांनी अडवले तर तो दाखवावा लागे. कर देणाऱ्याला खड्ड्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याची सोपी वाट मात्र नव्हती. पालिकेवर दावा लावायचा तर कायद्याप्रमाणे आधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे दारही त्याला बंद असते, कारण तेथे मोटार वाहनाच्या वापरातून घडलेल्या अपघाताचेच दावे चालतात. एकटी सायकल खड्ड्यात पडली तर तो अपघात त्या व्याख्येत बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 198अ हे कलम आले. रस्त्याच्या बांधणी-देखभालीत ठरलेले निकष न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड त्यात आहे. हा दंड सरकारी निधीत जमा होतो, थेट जखमीच्या हाती पडत नाही.

दावा कोणावर करायचा, हा दुसरा पेच. उदाहरणार्थ, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे (एमआयडीसी) जलशुद्धीकरण केंद्र असलेले जांभूळ हे अंबरनाथ तालुक्यातील गाव उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या परिसरात येते. 1983 मध्ये कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात होती. 1992 मध्ये दोन्हींच्या स्वतंत्र नगरपरिषदा झाल्या. उल्हासनगरची महानगरपालिका 1996 मधली. अशा पट्ट्यात सायकलने कामावर जाणाऱ्याच्या वाटेत ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग, एमआयडीसी आणि नगरपरिषद यांपैकी कोणाचाही रस्ता असू शकतो. हद्द बदलली तरी डांबरावर तशी खूण नसते.

भरपाईची वेगळी वाट सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली. रुदल शाह (1983) आणि निलाबती बेहेरा (1993) या खटल्यांत मूलभूत हक्काचा भंग झाल्यास राज्यसंस्थेकडून थेट भरपाई मिळू शकते, हे मान्य झाले. 2013 मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबईतील खड्ड्यांबाबत मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि त्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. 2015 च्या आदेशात आणि एप्रिल 2018 मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाच्या निकालात सुस्थितीतील रस्ता आणि पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. त्याच वर्षाच्या पावसाळ्यात कल्याण परिसरात खड्ड्यांमुळे माणसे दगावली. 2013 ते 2017 या पाच वर्षांत देशभर खड्ड्यांमुळे 14,926 मृत्यू झाल्याची नोंदही 2018 मध्येच सर्वोच्च न्यायालयापुढे आली.

निकालाची अंमलबजावणी होत नसल्याने प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयात गेले. 13 ऑक्टोबर 2025 रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने भरपाईचे दर ठरवून दिले. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये; जखमीला इजेच्या गांभीर्यानुसार 50 हजार ते अडीच लाख रुपये. महानगरपालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, तर नगरपरिषद क्षेत्रात मुख्याधिकारी आणि तेच सचिव यांच्या समितीने दावा तपासायचा आहे. दाव्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, ही रक्कम दोषी अधिकाऱ्यांकडून वा ठेकेदारांकडून वसूल करायची आणि निदर्शनास आलेला खड्डा 48 तासांत बुजवायचा, असेही आदेश आहेत. मोटार वाहनाची अट यात नाही, म्हणून सायकलस्वाराला या निकालाचा आधार मोठा आहे.

हे दर मृत्यू आणि शारीरिक इजेसाठी आहेत. फक्त रिम वाकली वा फोर्क मोडला, तर दिवाणी दाव्याचीच जुनी वाट उरते आणि दुरुस्तीच्या बिलापेक्षा वकिलाचा खर्च जास्त होतो. अशा नुकसानीचे छोटे दावे पालिकेच्या पातळीवरच निकाली काढणारी साधी पद्धत असणे न्यायाचे आहे. तोवर खड्ड्याचे मोजमाप दिसेल असे छायाचित्र, तारीख-वेळ, नेमके ठिकाण, साक्षीदार, पोलीस ठाण्यातील नोंद, दवाखान्याचे कागद आणि सायकल दुरुस्तीची पावती हाच दावेदाराचा पुरावा. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारता येते.