एक परवाना, एक खेप

आलापल्लीच्या अरण्यातील सागाचा ओंडका बल्लारपूरच्या डेपोत पाहिला, तर त्याच्या कापल्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा दिसतो. पण रोख पैसे मोजून तो घेणाऱ्यालाही वाहतुकीचा परवाना, म्हणजे इकडच्या बोलीतला 'टीपी', मिळेपर्यंत तो हलवता येत नाही. 1878 च्या आणि पुढे 1927 च्या वनकायद्याच्या अमलात रुजलेल्या या दस्तऐवजात माल किती, जायचे कोठे, मुदत केव्हा सरते, हे सारे बांधलेले असते, आणि त्याच कागदावर दुसरी खेप नेली तर माल जप्त होतो. निस्ताराचे, म्हणजे गावकऱ्यांच्या घरगुती गरजेपुरत्या वनहक्काचेही तसेच: घरापुरते जळण, बांबू न्यावे, विकू मात्र नये. वस्तू हाती असणे निराळे आणि तिच्यावरील हक्क निराळा, हे चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा संगणकाचे नाव ऐकण्यापूर्वीच जाणत होता.

1982 मध्ये त्यातून गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला. दोनच वर्षांनी, 1984 च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीला प्रताधिकार कायद्यात साहित्यकृतीचे स्थान मिळाले. पुढे टंकलेखनाच्या दुकानांत टाइपरायटरची जागा संगणकाने घेतली. अशा एका दुकानात मराठी टंकांच्या पॅकेजचा डोंगल, म्हणजे कुलपासारखे छोटे यंत्र, एका संगणकामागून काढून दुसऱ्याला लावताना मी पाहिले आहे. डोंगल जेथे असेल तेथेच मराठी अक्षर उमटे, जणू हातोड्याचाच ठसा. संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीला मात्र असा पहारा नव्हता, म्हणून एकच तबकडी दुकानातील तिन्ही यंत्रांवर चढली होती, आणि पावती फाडली असल्यामुळे मालकाला त्यात काही गैर वाटत नव्हते. वस्तुतः यंत्राबरोबर आलेली प्रणाली बहुधा त्या यंत्रापुरतीच असते. सुटी घेतलेली सामान्यतः जुन्यावरून काढून नव्यावर नेता येते. कचेरीने जितके संगणक तितके परवाने घ्यायचे. कायदा सुरक्षेसाठी प्रत ठेवू देतो, परंतु जाणूनबुजून अवैध प्रत चालवणाऱ्यास 1994 च्या दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

परवाना म्हणजे नेहमी मनाईच, असे मात्र नाही. 1989 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रसृत केलेला जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) हाही परवानाच, पण तो हव्या तितक्या संगणकांवर प्रत चढवू देतो. अट एवढीच की, पुढे देताना घेणाऱ्यालाही तेच हक्क द्यावेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावात 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या स्वाधीन झाले, त्याचे मोल मला फार वाटते, कारण परवाना हक्कही देऊ शकतो हे तिथेही दिसते. टीपी तिथेही लागतोच. तो फाडून देणारा हात आता गावाचा आहे.