धुतलेल्या वस्त्राची साक्ष

रक्ताचा डाग धुऊन टाकला की अपराधही त्याबरोबर वाहून गेला, ही मानवाची फार जुनी समजूत आहे. ती किती फोल आहे, हे जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील ऱ्यूगेन बेटावर घडलेल्या एका प्रकरणाने दाखवून दिले.

१ जुलै १९०१ रोजी तेथील दोन लहान भाऊ घरी परतले नाहीत. थोरला आठ वर्षांचा, धाकटा सहा वर्षांचा. दुसऱ्या दिवशी रानात त्यांची छिन्नभिन्न प्रेते सापडली. संशय लुडविग टेसनो नावाच्या फिरत्या सुतारावर आला. त्याचे कपडे नुकतेच धुतलेले होते. तथापि त्यांवर पुसट डाग शिल्लक होतेच. हे लाकडाला द्यावयाच्या रंगाचे डाग आहेत, असे त्याने सांगितले. सुताराच्या वस्त्रांवर रंग असावा, यात नवल ते काय? परंतु १८९८ साली ओस्नाब्रुकजवळ दोन मुलींची हत्या झाली, तेव्हाही त्याने हेच उत्तर दिले होते आणि तो सुटला होता. शिवाय ऱ्यूगेनवर काही आठवड्यांपूर्वी कुरणातील मेंढ्यांचीही अशीच कत्तल झाली होती.

आता निर्णय कसा व्हावा? रक्त ओळखण्याचे उपाय तेव्हा नव्हते असे नाही. १८५३ मध्ये टाइखमान यांनी वाळलेल्या रक्तापासून विशिष्ट स्फटिक मिळविले होते. हायड्रोजन पेरॉक्साइड रक्तावर पडताच फेसाळते, हे १८६३ मध्ये शोनबाइन यांनी दाखविले होते. पण ते रक्त माणसाचे की मेंढीचे, या प्रश्नापुढे ही दोन्ही साधने मूक होती.

हे मौन ग्राइफस्वाल्टच्या पाउल उलेनहूट या तरुण वैद्याने भंग केले. सशाला मानवी रक्त टोचले असता सशाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिद्रव्य तयार होते. त्या सशाच्या रक्ताचा निवळ रस डागाच्या मिठाच्या पाण्यातील अर्कात मिसळावा. डाग मानवी रक्ताचा असेल तर मिश्रण गढूळ होते. हा शोध त्यांनी १९०१ च्या फेब्रुवारीत, म्हणजे हत्येपूर्वी अवघे काही महिने, प्रसिद्ध केला होता. टेसनोचे कपडे त्यांच्याकडे तपासणीस गेले. काही डागांत मेंढीचे रक्त निघाले, काहींत माणसाचे. न्यायालयाने टेसनोला दोषी ठरवून देहान्ताची शिक्षा फर्माविली.

धुण्याने रक्त पुरते का जात नाही? ते धाग्यांच्या पोटात, शिवणीत आणि अस्तरात मुरते. गार पाण्याने पुष्कळसे सुटते. उलट, ऊन पाण्याने त्यातील प्रथिने गोठून कापडाला घट्ट चिकटतात. डोळ्यांना न दिसणारा असा अंश अंधारात निळसर प्रकाशाने उजळविणाऱ्या ल्यूमिनॉल या द्रव्याचा गुन्हेतपासातील उपयोग १९३७ मध्ये श्पेख्ट यांनी पुढे आणला.

परंतु, श्रोतेहो, या साक्षीलाही मर्यादा आहेत. बटाट्याच्या रसानेही पेरॉक्साइड फेसाळते. विरंजक चूर्णानेही ल्यूमिनॉल चमकते. उलटपक्षी, ऑक्सिजन सोडणाऱ्या आधुनिक धुलाईच्या चूर्णांनी खरे रक्तही लपू शकते. म्हणून पहिल्या चाचणीला केवळ सूचना मानून दुसरीने तिची खातरजमा करावी लागते. ज्याच्या सदऱ्यावर खरोखरच केवळ रंग सांडला आहे, अशा निरपराध सुताराचे प्राणही या खातरजमेवरच अवलंबून असतात.