चार मिनिटं पुढे पळणारं घड्याळ

आकाशदर्शनाला नव्याने येणाऱ्यांना मी सूर्यसिद्धान्तातले दोन आकडे फळ्यावर लिहून देते. एका महायुगात सावन दिवस, म्हणजे सूर्योदय ते सूर्योदय असे आपले रोजचे दिवस, 1,57,79,17,828 आणि ताऱ्यांचे फेरे 1,58,22,37,828. वजाबाकी करा, म्हणते. उत्तर येतं 43,20,000, म्हणजे नेमकी महायुगातली वर्षं. वर्षाकाठी तारे सूर्यापेक्षा एक फेरा जास्त मारतात. यातून नाक्षत्र दिवस निघतो 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांचा, आणि आजच्या मापाशी तो सेकंदाला सेकंद जुळतो. दुर्बिणीआधीचं हे गणित! मला त्याचा फार अभिमान आहे.

पुढे वेधशाळांनी या नाक्षत्र वेळेसाठी लंबकाची वेगळी घड्याळं ठेवली. 1792 मध्ये उभ्या राहिलेल्या मद्रास वेधशाळेत शेल्टन या घड्याळजीचं घड्याळ होतं. ते नंतर कोडाईकनालला गेलं. हौशी माणसाला असलं घड्याळ कुठून परवडणार? त्याने घरातलं किल्लीचं गजराचं घड्याळ कामाला लावलं. त्याच्या पाठीवर एक बारीक दांडी असते, एका टोकाला एफ, दुसऱ्या टोकाला एस. ती एफकडे केसभर सरकवायची. दुसऱ्या दिवशी बघायचं, पुन्हा केसभर. रोज 3 मिनिटं 56 सेकंद पुढे जायला लागलं की हात काढायचा.

ते तपासायला रेडिओसुद्धा लागत नाही. हिवाळ्यात अगस्ती शेजारच्या इमारतीच्या कडेआड जातो, तो क्षण पकडायचा. डोकं मात्र रोज खिडकीच्या चौकटीला त्याच जागी टेकलेलं हवं. मनगटावरच्या घड्याळात अगस्ती रोज चार मिनिटं लवकर जातो. नाक्षत्र घड्याळात रोज त्याच ठोक्याला.

सुरुवातीला काटे लावायचे ते पंचांगातल्या सांपातिक कालावरून, म्हणजे नाक्षत्र वेळेवरून, पण आपल्या गावाचा हिशोब करून. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. पुणं तिच्या साधारण साडेचौतीस मिनिटं मागे. मुंबईत तर प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागची स्थानिक वेळ 1955 पर्यंत चालत होती. ती पाळणाऱ्याला ही वजाबाकी करावीच लागत नसे.

मग घड्याळात 6 वाजून 45 मिनिटं झाली की व्याध मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, आलेला असतो. तारा मध्यमंडलावर असताना या घड्याळात जी वेळ असते, तोच त्याचा विषुवांश. मृगातल्या तेजोमेघाचा विषुवांश 5 तास 35 मिनिटं. घड्याळात साडेसहा वाजले असतील, तर तो मध्यमंडल ओलांडून 55 मिनिटं पश्चिमेला गेलाय. दुर्बिणीची तबकडी तेवढी फिरवायची आणि भिंगाला डोळा लावायचा.